सतरा बंडखोरांचे सरकार

१३ मे २०२३ रोजी कर्नाटक विधानसभेचे निकाल लागले. २२४ पैकी १३५ जागा काँग्रेसला, ६६ भाजपला, १९ धर्मनिरपेक्ष जनता दलाला. सत्ताबदल दुपारपर्यंत स्पष्ट झाला होता. पण बेंगळुरूच्या जयनगर मतदारसंघात मतमोजणी मध्यरात्रीपर्यंत चालू होती. काँग्रेसच्या सौम्या रेड्डी आधी थोडक्या मतांनी पुढे होत्या. भाजपने फेरमोजणी मागितली, टपाली मतांवरून वाद झाला, बाहेर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते जमले आणि अखेर भाजपचे सी. के. राममूर्ती १६ मतांनी विजयी झाल्याचे जाहीर झाले. राज्याचे सरकार या निकालाने बदलणार नव्हते, तरीही तिथे एकेक मत पुन्हा तपासले गेले. निवडणुकीच्या दिवशी आपण मताला इतकी किंमत देतो. निवडणूक संपल्यावर त्याच मताचे काय होते, ते पाहायला याच विधानसभेची आधीची पाच वर्षे पुरेशी आहेत. २०१८ ते २०२३ या काळात कर्नाटकात मुख्यमंत्रिपदाच्या चार शपथा झाल्या. भाजपच्या येडियुरप्पांची पहिली तीन दिवस टिकली. कुमारस्वामींची चौदा महिने. मग पुन्हा येडियुरप्पा, आणि २०२१ मध्ये बसवराज बोम्मई. यातला सर्वांत मोठा बदल, म्हणजे काँग्रेस आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाच्या आघाडीकडून भाजपकडे सत्ता जाणे, सतरा आमदारांच्या बंडातून, त्यांतल्या बहुतेकांच्या राजीनाम्यांतून झाला. राज्याच्या मतदारांना त्यासाठी कुणी विचारलेच नाही. माझे म्हणणे असे की हा रस्ता अजूनही खुला आहे, तो बंद करता येण्यासारखा आहे आणि त्यासाठी राज्यघटनेतल्या एका छोट्या सवलतीला हात घालावा लागेल.

गंमत म्हणून नव्हे, तर मुद्दा नीट कळावा म्हणून आधी १९८९ मध्ये जायला हवे. कारण सरकारचे बहुमत कुठे मोजायचे, या प्रश्नाचे उत्तर देशाला मिळाले ते बेंगळुरूतल्याच एका प्रकरणातून. रामकृष्ण हेगडे यांच्यानंतर ऑगस्ट १९८८ मध्ये एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री झाले. एप्रिल १९८९ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा विस्तार केला आणि दोनच दिवसांत के. आर. मोळकेरी हे सत्ताधारी पक्षाचे आमदार फुटले. आपल्यासह एकोणीस आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रे त्यांनी राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांच्याकडे दिली. राज्यपालांनी राष्ट्रपतींना अहवाल धाडला. लगेच त्या एकोणिसांपैकी सात जण पुढे आले आणि आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या, आमचा पाठिंबा सरकारलाच आहे, असे म्हणू लागले. बोम्मईंनी अधिवेशन अलीकडे ओढून सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची तयारी दाखवली. एवढे असूनही राज्यपालांनी दुसरा अहवाल पाठवला, आणि २१ एप्रिल १९८९ रोजी कलम ३५६ खाली राष्ट्रपती राजवट लावून सरकार बरखास्त झाले. मोजणी झाली ती राजभवनातल्या टेबलावर, पत्रांची. आणि तीही अशा पत्रांची, ज्यांवरच्या काही सह्या सही करणारेच नाकारत होते.

बोम्मई उच्च न्यायालयात हरले, सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. तोवर कर्नाटकात निवडणूक होऊन गेली होती. १९८९ च्या अखेरीस काँग्रेसने १७८ जागा जिंकल्या होत्या आणि जनता दल २४ वर आले होते. म्हणजे बोम्मईंच्या पक्षाला या निकालाचा काडीचा उपयोग नव्हता. देशाला मात्र झाला. सरकारला बहुमत आहे की नाही हे सभागृहातच ठरले पाहिजे, राज्यपालांच्या मताने नव्हे, आणि राष्ट्रपती राजवटीचा निर्णय न्यायालय तपासू शकते, हे त्या निकालाने पक्के केले. त्याचे फळ महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये चाखले. २३ तारखेला भल्या सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी, गुप्त मतदान न घेता, थेट प्रक्षेपणासह विश्वासदर्शक ठराव घ्यायला सांगितले आणि त्याच दिवशी सरकारचा राजीनामा आला. त्याआधी दीड वर्ष खुद्द कर्नाटकात हेच घडले होते. मे २०१८ मध्ये १०४ आमदारांच्या येडियुरप्पांना राज्यपाल वजुभाई वाला यांनी बहुमतासाठी पंधरा दिवस दिले होते. न्यायालयाने मध्यरात्रीनंतर सुनावणी घेतली, शपथ रोखली नाही, पण पुढे ती मुदत कमी करून १९ मे रोजी दुपारी चारची वेळ दिली. येडियुरप्पांनी सभागृहात भाषण केले आणि मतदानाआधीच राजीनामा दिला.

इथवर सगळे ठीक. अडचण अशी की बोम्मई निकालाने मोजण्याची जागा ठरवली. मोजायची माणसे कोण, हे ठरवले नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवायची सोय केली. तेव्हा एकतृतीयांश आमदार मिळून फुटले तर ती फूट मान्य होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली आणि दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी ठेवली. मोठ्या पक्षातून दोनतृतीयांश आमदार आणणे सोपे नसते. मग बेंगळुरूत दुसरी युक्ती निघाली. २००८ मध्ये भाजपला ११० जागा मिळाल्या, बहुमताला तीन कमी. अपक्षांना घेऊन सरकार झाले; पण ते भक्कम करण्यासाठी विरोधी आमदारांनी पक्षांतर करण्याऐवजी आमदारकीचाच राजीनामा द्यायचा, भाजपच्या तिकिटावर पोटनिवडणूक लढवायची, असा प्रकार सुरू झाला. डिसेंबर २००८ च्या आठ पोटनिवडणुकांत भाजपने पाच जिंकल्या. ‘ऑपरेशन कमळ’ हे नाव तेव्हापासून कर्नाटकात घरोघरी माहीत आहे. यातली खुबी अशी की राजीनामा देणारा आमदार पक्षादेश मोडतच नाही; तो सभागृहातूनच बाहेर पडतो. आणि तो बाहेर पडला की बहुमताचा आकडाही त्याच्याबरोबर खाली येतो. २२४ निवडून आलेल्यांच्या सभागृहात ११३ लागतात. सतरा कमी झाले की उरतात २०७, आणि १०४ पुरतात. ज्या पक्षाकडे १०५ आहेत त्याला एकही माणूस आपल्या बाजूने उभा करावा लागत नाही. समोरची बाके रिकामी झाली की काम झाले.

जुलै २०१९ मध्ये हेच झाले. विजयनगरचे आनंद सिंग यांनी १ जुलैला राजीनामा दिला, ६ जुलैला मोठा गट विधानसौधात राजीनामे घेऊन आला, आणि बरेचसे तिथून विमानाने मुंबईला रवाना झाले. पवईच्या हॉटेलात त्यांचा मुक्काम होता. १० जुलैला काँग्रेसचे डी. के. शिवकुमार तिथे पोहोचले. त्याच हॉटेलात आपल्या नावाने खोली घेतली आहे असे ते सांगत होते. आमदारांनी पोलिसांकडे संरक्षण मागितले होते, पोलिसांनी शिवकुमारांना दारातच अडवले, आणि ते पावसात तासन्‌तास उभे राहिल्यावर त्यांना ताब्यात घेऊन परत पाठवले. याच शिवकुमारांनी २००२ मध्ये विलासराव देशमुखांचे सरकार अडचणीत असताना महाराष्ट्रातल्या काँग्रेस आमदारांची बेंगळुरूत सरबराई केली होती, आणि २०१७ मध्ये गुजरातच्या आमदारांची. पुढे मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशातले राजीनामा दिलेले आमदारही बेंगळुरूतच ठेवले गेले; या वेळी यजमान भाजप होता आणि अडवले गेले दिग्विजय सिंह. कोणता पक्ष सोज्वळ आणि कोणता नाही, हे ठरवण्याचा हा लेख नाही. पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे, एवढे यातून दिसते.

विधानसौधात १८ जुलैला कुमारस्वामींनी विश्वासदर्शक ठराव मांडला. राज्यपालांनी मतदान उरकण्यासाठी दोनदा मुदत घालून दिली, दोन्ही टळल्या. सर्वोच्च न्यायालयाने राजीनाम्यांवर निर्णय घेण्याचे विधानसभा अध्यक्ष रमेश कुमार यांचे स्वातंत्र्य मान्य केले होते, पण बंडखोर आमदारांना सभागृहात हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही असेही म्हटले होते. त्यामुळे पक्षादेशाचा उरलासुरला धाकही संपला. २३ जुलैच्या संध्याकाळी मतदान झाले: बाजूने ९९, विरोधात १०५. बोम्मई निकालाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट पाळली गेली होती. मोजणी सभागृहातच झाली, उघडपणे झाली, कॅमेऱ्यांसमोर झाली. फक्त मतदारांनी निवडून दिलेले सभागृह त्या वेळी तिथे भरलेले नव्हते.

याची किंमत कुणी मोजली, ते सीमाभागातल्या वाचकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते, तेव्हाच कृष्णा आणि घटप्रभेच्या पुराने बेळगाव जिल्हाही बुडाला होता. कृष्णाकाठचे अथणी आणि कागवाड, घटप्रभेवरचे गोकाक, हे तिन्ही मतदारसंघ तेव्हा आमदाराविना होते. तिथले महेश कुमठळ्ळी, श्रीमंत पाटील आणि रमेश जारकीहोळी त्या सतरा जणांत होते. छावणीतल्या माणसाने गाऱ्हाणे घेऊन जायचे कुणाकडे? बेंगळुरूत २६ जुलैला शपथ घेतलेले येडियुरप्पा २० ऑगस्टपर्यंत एकटेच मंत्रिमंडळ होते. त्याहून कठीण स्थिती रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीची झाली. २०१८ मध्ये तिथे काँग्रेसचे प्रतापगौडा पाटील भाजपच्या बसनगौडा तुरविहाळ यांच्यावर अवघ्या २१३ मतांनी निवडून आले होते. पाटलांनी २०१९ मध्ये राजीनामा दिला. आधीच्या निवडणुकीवरचा न्यायालयीन वाद चालू असल्याने पोटनिवडणूक लांबली ती एप्रिल २०२१ पर्यंत. करोनाची पहिली लाट, टाळेबंदी, परगावाहून पायी परतणारे मजूर, हा सगळा काळ अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघाने प्रतिनिधीशिवाय काढला. पोटनिवडणुकीत तेच दोघे समोरासमोर आले, फक्त पक्षांची अदलाबदल करून. आणि पाटील सुमारे तीस हजार मतांनी पडले.

आता कायद्याकडे. अध्यक्ष रमेश कुमार यांनी सतराही जणांना अपात्र ठरवले, आणि विधानसभेची मुदत संपेपर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, त्यांना निवडणूक लढवता येणार नाही असा आदेश दिला. आमदार सर्वोच्च न्यायालयात गेले. खटल्याला नाव पडले ते कागवाडच्या श्रीमंत बाळासाहेब पाटलांचे. १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, राजीनामा दिल्याने आधीच्या वर्तनाची जबाबदारी टळत नाही असे म्हटले. पण अपात्रतेला मुदत घालण्याचा अधिकार अध्यक्षाला घटनेने दिलेला नाही म्हणून तेवढा भाग रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच होते. कारण घटनेच्या कलम १६४ मध्ये, त्याच ९१ व्या दुरुस्तीने घातलेली, एक तरतूद आहे: पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्या आमदाराला सभागृहाची मुदत संपेपर्यंत किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोवर, मंत्री होता येणार नाही. ‘पुन्हा निवडून येईपर्यंत’ ही ती सवलत. ५ डिसेंबर २०१९ रोजी पंधरा पोटनिवडणुका झाल्या, बारा भाजपने जिंकल्या, आणि ६ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांतल्या दहा जणांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. जुलैत अपात्र ठरलेला आमदार फेब्रुवारीत मंत्री झाला.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. मतदारांनीच पुन्हा निवडून दिले, तर तक्रार कोणाची? लोकशाहीत मतदाराच्या वर कोणी नाही. हे मान्य करूनही पोटनिवडणुकीत मतदारापुढे कोणता प्रश्न असतो, ते पाहायला हवे. सरकार बदलायचे की नाही, हा प्रश्न तेव्हा संपलेला असतो. पंधरापैकी किमान सहा जागा आल्या नाहीत तर येडियुरप्पा सरकारचे भवितव्य कठीण होते हे खरे. पण एकेका मतदारसंघापुरता सवाल एवढाच उरतो की उद्या मंत्री होणारा माणूस हवा, की विरोधी बाकावरचा. रस्ता, पाणी, तलावाचे काम यांसाठी सरकारदरबारी वजन लागते असे समजून चालणारा मतदार काय निवडेल, हे सांगायला पंडित नको. पुढे २०२३ मध्ये, जेव्हा सरकार कोणाचे हा प्रश्न पुन्हा खुला झाला, तेव्हा चिक्कबळ्ळापूरचे के. सुधाकर, हिरेकेरूरचे बी. सी. पाटील, कृष्णराजपेटेचे नारायणगौडा, अथणीचे कुमठळ्ळी आणि कागवाडचे श्रीमंत पाटील हरले. याउलट बेंगळुरू शहरातले एस. टी. सोमशेखर, बैरती बसवराज, गोपालय्या आणि मुनिरत्न चौघेही जिंकले. त्यामुळे ‘जनतेने धडा शिकवला’ असे सरसकट म्हणणे खरे होणार नाही. शहरातल्या मतदारांनी कदाचित उमेदवाराचे काम पाहिले, कदाचित पक्ष पाहिला. पण मतदार शिक्षा करील किंवा करणार नाही, यावर नियम सोपवता येत नाही. जयनगरचा निकाल आपण ‘लोक समजून घेतील’ म्हणून अंदाजाने लावला नाही.

दुसरा आक्षेप आमदाराच्या सदसद्विवेकाचा. पक्षाने आमदाराला बांधून ठेवायचे, आणि तो राजीनामा देऊन मोकळा झाला तरी दंड करायचा, मग त्याचे स्वतःचे मत ते काय? मला हा आक्षेप मोलाचा वाटतो, कारण पक्षश्रेष्ठींची मनमानी आपल्याकडे कमी नाही. पण तत्त्वासाठी पद सोडणे कसे असते, याचा नमुना बेंगळुरूतच आहे. १९८३ मध्ये हेगडे यांनी राज्यातले पहिले बिगरकाँग्रेसी सरकार बनवले. १९८४ च्या अखेरीस लोकसभेच्या २८ पैकी २४ जागा काँग्रेसने जिंकल्या. हेगडेंच्या सरकारचा तो पराभव नव्हता, विधानसभेत त्यांना कुणी पाडलेले नव्हते. तरी जनतेचा विश्वास आपल्यावर राहिला का, असे विचारत त्यांनी विधानसभा बरखास्त करून निवडणूक घेतली आणि मार्च १९८५ मध्ये जनता पक्षाच्या १३९ जागा आल्या. त्यानंतर आजवर कर्नाटकात सत्तारूढ पक्षाला निवडणुकीत पुन्हा बहुमत मिळालेले नाही. विवेकाने पद सोडणाऱ्याला पुन्हा लोकांपुढे जाण्याचा हक्क हवाच. लगेच मंत्रिपदाचा हक्क त्यातून येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की सदसद्विवेकाला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो सौद्याला.

तिसरा आक्षेप अध्यक्षांविषयी आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपात्रतेला जबर शिक्षा जोडली तर पक्षपाती अध्यक्षाच्या हाती हत्यार दिल्यासारखे होईल. हे भय खोटे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येडियुरप्पांचे सरकार डळमळले, तेव्हा अध्यक्ष के. जी. बोपय्या यांनी भाजपचे अकरा बंडखोर आणि पाच अपक्ष आमदार मतदानाच्या तोंडावर अपात्र ठरवले. मग आवाजी मतदानाने सरकार तरले. गोंधळ इतका झाला की तीन दिवसांनी पुन्हा मतदान घ्यावे लागले आणि तेव्हा १०६ विरुद्ध १०० असे चित्र आले. अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केली, पण तोवर सरकार वाचून गेले होते. म्हणून निवडणूक लढवण्यावरची बंदी मला नको वाटते, आणि अध्यक्षांच्या निष्कर्षावर अवलंबून असलेली कोणतीही शिक्षाही नको. उपाय साधा असावा: एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदाराने त्या विधानसभेची मुदत चालू असताना जागा सोडली आणि दुसऱ्या पक्षाकडून तो पुन्हा आला, तर उरलेल्या मुदतीत त्याला मंत्रिपद नाही, महामंडळाचे अध्यक्षपद नाही, सरकारी लाभाचे कोणतेही पद नाही. आमदार म्हणून त्याने पाहिजे ते बोलावे, पाहिजे त्याला मत द्यावे. इथे राजीनाम्यामागचा हेतू शोधायचा नाही, अध्यक्षांना निवाडा करायचा नाही. निवडणूक आयोगाच्या दोन निकालपत्रकांवरची पक्षांची नावे पाहिली की पुरे.

काही जण म्हणतील, २०२३ च्या निकालाने हा प्रश्न मागे पडला. भाजपची मते २०१८ प्रमाणेच ३६ टक्क्यांच्या आसपास राहिली, काँग्रेसची ३८ वरून जवळपास ४३ वर गेली, जनता दलाची १८ वरून १३ वर आली. आणि २० मे रोजी कंठीरव स्टेडियमवर सिद्धरामय्यांनी शपथ घेतली तेव्हा बहुमत इतके मोठे होते की सतरा राजीनाम्यांनीही ते हलले नसते. खरे आहे. पण २०१८ मध्येही काँग्रेसची मते भाजपहून जास्तच होती आणि जागा कमी. पाच टक्क्यांच्या हालचालीने जे मोठे बहुमत येते ते तेवढ्याच हालचालीने जातेही. आणि जिथे बहुमत मोठे असते तिथे पक्ष फोडण्याचा दुसरा मार्ग असतोच. पक्ष फुटून महाराष्ट्रात झालेल्या २०२२ च्या सत्ताबदलावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो ११ मे २०२३ रोजी, कर्नाटकातल्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे त्यात म्हटले आहे. पण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असेही.

पक्षांतरबंदी कायदा ज्यात आहे त्या घटनेच्या दहाव्या अनुसूचीत सुधारणा करण्याचा विचार संसदेने करावा, असे न्यायालयाने कर्नाटकच्या २०१९ च्या निकालातच सुचवले होते. त्यानंतरही कलम १६४ मधली ती सवलत होती तशीच आहे. कारण उघड आहे: विरोधी बाकावरचा पक्ष दुरुस्ती मागतो आणि सत्तेत आला की ती सवलत त्यालाच लागते. २०१९ मध्ये ज्या जनता दलाचे सरकार या मार्गाने गेले, तेच सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपच्या आघाडीत सामील झाले. म्हणून दुरुस्ती आजच्या कोणत्याही सभागृहाला लागू करू नये. ती यापुढे निवडून येणाऱ्या विधानसभांपासून लागू व्हावी, म्हणजे मत देताना कोणत्याच पक्षाला आपले चालू सरकार धोक्यात दिसणार नाही. कर्नाटकची पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. त्याआधी हे करायला वेळ पुरेसा आहे.